परदेशातील खेड्यात सेवाकार्य करत शिकायचे असेल तर

वाचकाचे पत्र: मी पर्यावरणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. एका संस्थेने मला आफ्रिकेतील एका खेड्यात आठ आठवडे राहून सेवाकार्य करण्याची संधी देऊ केली आहे. सकाळी गावातील शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायचे, दुपारी आरोग्य केंद्रात मदत करायची आणि उरलेल्या वेळात शाळेच्या भिंती रंगवायच्या किंवा नव्या कूपनलिकेच्या कामाला हातभार लावायचा, असा कार्यक्रम आहे. शेवटी प्रमाणपत्र मिळेल आणि ‘शैक्षणिक श्रेयांक मिळू शकतात’, असे माहितीपत्रकात लिहिले आहे. शुल्क बरेच आहे आणि ते घरून घ्यावे लागेल. बाबा म्हणतात, पैसे भरून मजुरी करायला परदेशी कशाला जायचे? मला मात्र मनापासून जायचे आहे, कारण गावाविषयी वर्गात बसून शिकण्याचा आता कंटाळा आला आहे. मी जावे का? जायचे तर आधी काय पाहून घ्यावे? – एक विद्यार्थिनी

उत्तर: तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खेड्यात राहून, तिथल्या माणसांच्या दिनक्रमात मिसळून जे शिकायला मिळते ते व्याख्यान ऐकून मिळत नाही, आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थिनीला तर पाणी, जमीन, सरपण आणि शेती यांचे परस्परसंबंध पुस्तकाबाहेर पाहण्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. मात्र तुम्ही वर्णन केलेला कार्यक्रम आहे तसा स्वीकारून जाऊ नये, असेही माझे तितकेच स्पष्ट मत आहे. त्या वर्णनात तुम्ही गावासाठी काय काय कराल याची भरगच्च यादी आहे. परंतु तुम्ही काय शिकाल, कोणाच्या हाताखाली शिकाल आणि तुम्हाला ते आले की नाही हे कोण ठरवेल, याविषयी एक अक्षरही नाही. शिक्षण म्हणून ज्याचे शुल्क घेतले जाते त्यात शिकवणाऱ्याचा पत्ताच नसावा, ही बाब सर्वांत आधी खटकायला हवी.

समाजकार्य आणि अभ्यासक्रम यांची सांगड घालणाऱ्या पद्धतीला सेवाधारित शिक्षण म्हणतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात ही कल्पना आकाराला आली आणि तिच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये तिची तीन तत्त्वे मांडली. ज्यांच्यासाठी सेवा करायची, ती सेवा कोणती असावी हे त्यांनीच ठरवावे आणि तिची सूत्रेही त्यांच्याच हाती असावीत. त्या सेवेतून ते लोक स्वतःच्या बळावर उभे राहण्यास अधिक समर्थ व्हावेत. आणि सेवा करणारी व्यक्ती विद्यार्थीही असल्यामुळे, आपण काय शिकायचे हे ठरवण्यात तिचाही वाटा असावा. पुढे या क्षेत्रात आणखी एक नियम रूढ झाला तो असा, की श्रेयांक द्यायचे ते शिकल्याबद्दल, राबल्याबद्दल नव्हे. ही तत्त्वे तुमच्या माहितीपत्रकासमोर धरून पाहा. भिंती रंगवून हव्यात, असे गावातल्या कोणी म्हटले होते? गेल्या वर्षी त्याच भिंती दुसऱ्या गटाने रंगवल्या होत्या का? इंग्रजी शिकवण्याची मागणी मुख्याध्यापकांनी केली, की परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला जमेल असे काम म्हणून संस्थेने ते ठरवून टाकले? या प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली तर कार्यक्रमात तथ्य आहे. गुळमुळीत उत्तरे मिळाली तर तो कार्यक्रम गावासाठी आखलेला नाही, शुल्क भरणाऱ्यासाठी आखलेला आहे, असे खुशाल समजावे.

प्रचलित शिक्षणव्यवस्थेचे टीकाकार म्हणून ओळखले जाणारे विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणात त्यांना तोंडावर सांगितले होते की, पाहायला या, डोंगर चढायला या, अभ्यास करायला या, पण मदत करायला येऊ नका. ते भाषण कठोर होते आणि त्यातील प्रत्येक मुद्दा मला मान्य नाही. परंतु अभ्यास करायला या, हे त्यांचे निमंत्रण मला आजही फार मोलाचे वाटते. ज्या गावाची भाषा येत नाही, जिथली शेती, पाऊसमान, नातीगोती आणि भांडणे आपल्याला ठाऊक नाहीत, तिथे आठ आठवड्यांत आपण मदतनीस होऊ शकत नाही. विद्यार्थी मात्र होऊ शकतो. तेवढ्यासाठी गाव आपल्याला घरात घेत असेल तर तो गावाचा मोठेपणा असतो, आणि शिकता शिकता एखादे काम गावाच्या उपयोगी पडले तर ते त्या मोठेपणाची अंशतः परतफेड करते. तुमच्या सगळ्या तयारीचा पाया हाच असावा, असे मी सुचवेन.

आपला हेतू किती शुद्ध आहे यावर गावाची संमती अवलंबून नसते, हेही ध्यानात ठेवा. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेच्या इतिहासातील पहिले श्रमशिबिर १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दँजवळच्या एस्न या खेड्यात भरले. पहिल्या महायुद्धात ते गाव उद्ध्वस्त झाले होते. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल आणि त्यांचे सहकारी ते पुन्हा उभे करायला गेले आणि त्यांच्यात जर्मन स्वयंसेवकही होते, कारण कालच्या शत्रूंनी एकत्र राबावे हाच त्यांचा उद्देश होता. हेतू उदात्त होता आणि कामही चांगले चालले होते. तरीही जर्मनांच्या उपस्थितीला स्थानिक पातळीवर विरोध झाला आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावे लागले. त्याच प्रयत्नातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली आणि ती आजही अनेक देशांत शिबिरे भरवते. मला या प्रसंगात अपयशापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणाला येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्या गावाकडे नाही, त्या गावाने तुमचे स्वागत केले तरी त्या स्वागतावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता तुमच्या कार्यक्रमातील एकेका कामाकडे वळते. मुलांच्या बाबतीत माझी भूमिका अधिक कडक आहे. दर आठ आठवड्यांनी नवी ताई येते, मुळाक्षरांपासून पुन्हा सुरुवात करते, मुलांना जीव लावते आणि निघून जाते. आणि तेवढा काळ वर्गाचा कायमचा शिक्षक मागे हात बांधून उभा राहतो. यात मुलांचे इंग्रजी सुधारत नाही आणि शिक्षकाचा मान मात्र कमी होतो. शिक्षकांना हवे असेल तर त्यांच्यासोबत बसून परिसरातील झाडे, माती, पाऊस यांवर पाठसाहित्य तयार करा. वर्ग त्यांनाच घेऊ द्या आणि तुम्ही तो पाहून शिका. कार्यक्रमात अनाथालयाचा किंवा बालगृहाचा उल्लेख असेल तर मात्र पुढची चौकशीही करू नका, सरळ नकार कळवा. अशा संस्थांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे अनेक देशांत आढळले आहे, आणि स्वयंसेवकांकडून येणाऱ्या पैशामुळेच मुलांना घरातून संस्थेत आणण्याचा धंदा काही ठिकाणी फोफावला. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविषयीचा कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले.

आरोग्य केंद्राबाबत नियम सोपा आहे. जे काम करण्याची परवानगी तुम्हाला तुमच्या देशात नाही, ते दुसऱ्या देशातील गरीब रुग्णावर करून पाहण्याचा अधिकारही तुम्हाला नाही. रक्तदाब मोजणे, इंजेक्शन देणे, जखम बांधणे, प्रसूतीच्या वेळी आत उभे राहणे यांपैकी काहीही ‘अनुभव’ म्हणून तुमच्यापुढे ठेवले जात असेल तर ती संस्था टाळावी. तुमच्या विषयाशी जुळणारे काम तिथे अवश्य असू शकते. उदाहरणार्थ, आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली पिण्याच्या पाण्यातील उर्वरित क्लोरीन तपासणे. शुद्धीकरणानंतर ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. टाकीजवळ, नळाजवळ आणि घरातल्या भांड्यात त्याचे प्रमाण कसे बदलत जाते याच्या नोंदी कोणत्याही रुग्णाला हात न लावता घेता येतात, आणि आरोग्य केंद्राला त्या खरोखर हव्या असतात.

कूपनलिकेविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तुमच्या कार्यक्रमातला शिकण्याजोगा भाग तिथेच दडलेला आहे. नवी कूपनलिका खोदताना विद्यार्थ्याच्या श्रमाचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, कारण ते काम यंत्राचे आणि जाणकारांचे असते. खरा प्रश्न आधी बसवलेल्या पंपांचा आहे. २००९ मध्ये मांडलेल्या एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही वेळी सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद पडलेले असत. भारतात १९७० च्या दशकात तयार झालेला ‘इंडिया मार्क टू’ हा पंप आफ्रिकेतही दूरवर पोहोचला आणि तो दणकट आहे. परंतु त्याची मोठी दुरुस्ती करायची तर पाइप वर काढण्यासाठी खास अवजारे लागतात. म्हणूनच पुढे, गावातल्या माणसांनाच खोलून जोडता यावेत असे ‘अफ्रिडेव्ह’सारखे पंप मुद्दाम तयार करण्यात आले. तरीही पंप बंद पडतातच, आणि ते का पडतात याचे उत्तर बहुतेक वेळा पंपात सापडत नाही.

अशा कार्यक्रमांतून परतलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मी पुष्कळ वाचल्या आहेत, आणि त्यांपैकी एक वही मी दरवेळी उदाहरण म्हणून सांगते. हा विद्यार्थी कूपनलिका खोदायला म्हणून गेला होता. गावातल्या पाणी समितीच्या प्रमुख बाईंनी त्याला सांगितले की, खोदायचे राहू दे, आधी आमच्या जुन्या पंपाजवळ बसून राहा. तो रोज पहाटे पंपाजवळ बसू लागला आणि दांडा किती वेळा खाली-वर केल्यावर पहिले पाणी येते, वीस लिटरचा डबा भरायला किती वेळ लागतो आणि रांगेत कोण कोण उभे आहे, एवढेच लिहू लागला. पहाटे पहिल्या बाईला बराच वेळ दांडा मारावा लागे. एकदा पाणी आले की मग मागच्यांना ते लगेच मिळे. रात्रभरात पाइपमधले पाणी खाली उतरून जात होते, म्हणजे तळाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) गळत होता. हा शोध लागल्याच्या आनंदात तो पंप दुरुस्त करणाऱ्याकडे गेला, तेव्हा ती गोष्ट त्या कारागिराला कित्येक महिन्यांपासून ठाऊक असल्याचे कळले. सुटा भाग जिल्ह्याच्या गावी मिळत होता, परंतु समितीच्या पेटीत पैसे नव्हते. कारण पाण्याची वर्गणी घरोघरी महिन्याला मागितली जाई आणि लोकांच्या हाती पैसा येई तो वर्षातून एकदा, पीक विकल्यावर. उरलेले आठवडे त्या मुलाने समितीसोबत बसून, कोणत्या घरात कोणत्या महिन्यात पैसा येतो याचा तक्ता तयार करण्यात घालवले. वर्गणी सुगीनंतर एकदाच घ्यायची, हा निर्णय समितीने स्वतः घेतला. त्या मुलाने गावाला काही दिले असे मला वाटत नाही. समितीच्या बायकांना जे कळत होते ते कागदावर मांडायला त्याने हात दिला. मात्र ग्रामीण पाणीपुरवठ्याची आर्थिक बाजू त्याला जितकी समजली, तितकी एखाद्या पाठ्यपुस्तकातून समजली असती असे मला वाटत नाही.

अशा कामाची पद्धत शिकून घेता येते. ग्रामीण विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८० च्या दशकात बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेतील त्रुटी दाखवून दिल्या. पाहुणा डांबरी रस्त्यालगतची गावे पाहतो, प्रवास सुखाचा असतो अशा कोरड्या दिवसांत येतो, जिथे आधीच एखादा प्रकल्प चालू आहे तिथेच जातो आणि पुढारी व पुरुष यांच्याशीच बोलतो; परिणामी सर्वांत गरीब माणसे आणि सर्वांत कठीण महिने त्याच्या दृष्टीस पडतच नाहीत. पावसाचे, नवे पीक हाती येण्यापूर्वीचे दिवस अनेक ठिकाणी उपासमारीचे, आजारपणाचे आणि कामाच्या कमालीच्या ओझ्याचेही असतात, पण चिखलाने रस्ता बंद झाल्यामुळे त्याच दिवसांत कोणी तिकडे फिरकत नाही. तुमचे आठ आठवडे वर्षाच्या कोणत्या भागात येतात ते विचारा. हंगाम बदलता येत नसेल तरी आपण काय पाहणार नाही आहोत याची जाणीव ठेवून जाता येते. शिवारफेरी, गावकऱ्यांनी जमिनीवर काढलेला गावनकाशा, महिन्यांनुसार कामाचा व आजारांचा तक्ता ही पीआरएची, म्हणजे गावकऱ्यांच्या सहभागातून केल्या जाणाऱ्या ग्रामीण पाहणीची, साधने जाण्यापूर्वी जवळच्या एखाद्या वस्तीत वापरून पाहा. त्याच काळात तिथली भाषा बोलण्यापुरती शिकायला लागा. दुभाष्याच्या आधाराने चाललेल्या संभाषणात बायका फारसे बोलत नाहीत, विशेषतः दुभाष्या पुरुष असेल तर.

श्रेयांकांच्या बाबतीत ‘मिळू शकतात’ या शब्दांवर विसंबू नका. श्रेयांक एखादे विद्यापीठ देते. मध्यस्थ संस्था देते ते केवळ प्रमाणपत्र. त्यामुळे तुमच्या विभागप्रमुखांकडून आणि परीक्षा विभागाकडून निघण्यापूर्वीच लेखी मान्यता घ्या. त्यासाठी अभ्यासाचा आराखडा, मार्गदर्शक प्राध्यापकाचे नाव, कामाचे तास, मूल्यमापन कशाच्या आधारे होणार आणि गुणपत्रक कोण देणार हे सर्व कागदावर असले पाहिजे. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजे आठ आठवडे पूर्णवेळ अभ्यास केला तरी हिशेब दहा-बारा श्रेयांकांपर्यंतच जातो. याहून फार मोठे आकडे कोणी सांगत असेल तर सावध व्हा. लोकांना प्रश्न विचारून माहिती गोळा करणार असाल तर तुमच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीची आणि काही देशांत तेथील शासनाचीही परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो.

व्हिसाचा प्रश्न संस्थेवर सोपवून देऊ नका. बिनपगारी काम हेही अनेक देशांच्या कायद्याने काम ठरते, आणि पर्यटक व्हिसावर या, तिथे कोणी विचारत नाही, असे सांगणारी संस्था स्वतःचा धोका तुमच्या अंगावर ढकलत असते. उदाहरणादाखल ब्रिटन घ्या. तिथे पाहुणा म्हणून गेलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते, आणि तीही भेटीचा मुख्य हेतू दुसरा असेल तरच. तुम्ही जाणार आहात त्या देशाचा नियम त्याच्या दूतावासाकडून लेखी मिळवा. आफ्रिकेतील बऱ्याच देशांत पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. हिवतापाची प्रतिबंधक औषधे, रेबीजची लस आणि गंभीर आजारात मोठ्या रुग्णालयापर्यंत हलवण्याचा खर्च देणारा विमा, यांविषयी प्रवासवैद्यकाच्या जाणकार डॉक्टरांशी बोला. राहण्याच्या खोलीला आतून कडी आहे का, यजमान घराबाहेरची कोणती स्थानिक स्त्री अडचणीत तुमच्या मदतीला येईल आणि मध्येच परतायचे ठरले तर कसे परतता येईल, हे प्रश्न संकोच न करता विचारा. चांगली संस्था तुमच्याकडूनही चारित्र्य पडताळणीचा दाखला मागेल, आणि ती तसे करत असेल तर तो तिच्या बाजूने मोठा मुद्दा समजा.

तुमच्या बाबांच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि पैशांविषयीचा त्यांचा प्रश्न तुम्ही टाळू नये. शुल्कातील किती भाग गावात पोहोचतो, यजमान कुटुंबाला दर आठवड्याला किती मिळते, स्थानिक मार्गदर्शकाला पगार आहे का, याचा हिशेब मागा. शुल्क न घेणारे किंवा फार कमी घेणारे मार्गही आहेत, ते बाबांसोबत बसून पाहा. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची श्रमशिबिरे साधारण दोन-तीन आठवड्यांची असतात आणि त्यांत राहण्या-जेवणाची सोय होते. जर्मन सरकारच्या मदतीने २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेल्टव्हेर्ट्स’ या उपक्रमातून २०१३ पासून भागीदार देशांतील तरुणांनाही स्वयंसेवेसाठी जर्मनीत बोलावले जाते. जपानमधील एशियन रूरल इन्स्टिट्यूट १९७३ पासून आशिया-आफ्रिकेतील ग्रामीण कार्यकर्त्यांना शेतात राबवत नऊ महिन्यांचे प्रशिक्षण देते. तिथे पदवी मिळत नाही आणि प्रवेशासाठी स्वतःच्या समाजात केलेले काम दाखवावे लागते, तेव्हा तुमच्यासाठी तो मार्ग काही वर्षांनंतरचा आहे. पदवीच हवी असेल तर कोस्टा रिकातील ‘अर्थ’ (EARTH) विद्यापीठासारख्या संस्था आहेत, जिथे शेतीशास्त्राच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शेतातले आणि आसपासच्या गावांतले काम अनिवार्य आहे. अमेरिकेतील स्कूल फॉर इंटरनॅशनल ट्रेनिंगच्या सत्रांत भाषा, यजमान कुटुंबात राहणे आणि शेवटी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतंत्र अभ्यासप्रकल्प अशी रचना असते. तिथले शुल्क मोठे आहे, परंतु चांगल्या कार्यक्रमात काय काय असावे हे समजण्यासाठी ती रचना नजरेखालून घालण्यासारखी आहे. पुढील शिक्षणाचे विचाराल, तर प्रवेश समितीपुढे रंगवलेल्या भिंतीचे छायाचित्र काही कामाचे नाही; एखादा नीट लिहिलेला क्षेत्रअहवाल आणि तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या मार्गदर्शकाचे पत्र मात्र वजनदार ठरते.

तेव्हा या आठवड्यात संस्थेला एक पत्र लिहा. गावातील कोणत्या मंडळाने विद्यार्थी मागितला आहे आणि त्याच्याशी थेट बोलता येईल का, हे विचारा. इंग्रजी शिकवणे व आरोग्य केंद्रातील मदत यांऐवजी पाणी समितीच्या देखरेखीखाली जुन्या पाणवठ्यांचा अभ्यास करण्याची तुमची इच्छा कळवा, मात्र तो विषय समितीलाही हवा आहे का, हे तिच्याकडून जाणून घ्यायला सांगा. मार्गदर्शक कोण असेल, शुल्काचा हिशेब काय आहे, व्हिसा कोणता आहे आणि यापूर्वी जाऊन आलेल्या दोघा-तिघांशी बोलता येईल का, हेही त्याच पत्रात असू द्या. त्या माजी विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांना गाव आवडले का, हे विचारू नका, कारण ते सगळ्यांनाच आवडते. त्यांच्या कामाचे पुढे काय झाले आणि त्यांचा अहवाल गावाला कोणत्या भाषेत परत दिला गेला, हे विचारा. संस्थेचे उत्तर समाधानकारक आले तर ते बाबांना दाखवा आणि दोघे मिळून निर्णय घ्या. उत्तर आले नाही, किंवा लवकर पैसे भरा, जागा संपत आल्या आहेत, एवढेच उलट टपाली कळले, तर हे शुल्क वाचवा, पुढच्या वर्षासाठी वरच्यांपैकी एखाद्या मार्गाने अर्ज करा आणि मधल्या काळात भाषा शिकायला लागा.